"थोडं गिअरचं काम आहे" म्हणाला आणि मी घेतली: २०१२ ची होंडा युनिकॉर्न, आठ महिन्यांनंतर

आधीच सांगून टाकते, गाडी चांगली आहे, आणि शेवटी जिथे काम करून घेतलं ते गॅरेजही चांगलं आहे. चुकला तो माझा हिशोब. सेकंडहँड बाइक बघायला निघाला असाल आणि विकणारा जर म्हणाला की "बाकी सगळं ओके, फक्त थोडं गिअरचं काम आहे", तर पैसे देण्याआधी हे वाचा.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, नोकरी महापेला, एमआयडीसीत, लॅबमध्ये. सकाळची शिफ्ट सहाची. ट्रेननं जायचं तर विक्रोळीहून ठाणे, तिथे उतरून ट्रान्स हार्बर पकडा, मग स्टेशनवरनं शेअर रिक्षा, आणि एक लोकल चुकली की मस्टरवर लाल खूण. ऐरोली पुलावरनं बाइकने गेलं की पस्तीस मिनिटं लागतात. स्कूटर का नाही असं प्रत्येकाने विचारलं, घरी, ऑफिसात, बाइक बघायला गेले तिथेही ("मॅडम स्कूटी घ्या ना, हलकी पडेल"), तर उत्तर एवढंच की मी कॉलेजपासून भावाची बाइक चालवत आलेय आणि मला गिअरची गाडी आवडते. पुढे याच आवडीने माझा घात केला तो भाग वेगळा.

बजेट तीस हजारांच्या आत. दीडशे सीसी हवी होती कारण ऐरोलीच्या पुलावर खाडीचा वारा आडवा येतो तेव्हा शंभर सीसीची गाडी पतंगासारखी हलते. जुनी युनिकॉर्न माहितीची होती, १४९ सीसी, पाच गिअर, कार्ब्युरेटरवाली, किक पण आहे सेल्फ पण आहे, मागे मोनोशॉक. होंडाने २००४ मध्ये आणली आणि थोडेफार बदल करत बीएस सिक्सचे प्रदूषण नियम येईपर्यंत ती विकत होते, त्यामुळे पार्ट मिळतात आणि कुठल्याही नाक्यावरच्या मेकॅनिकला ती उघडता येते. त्याच वर्षाच्या धड चालणाऱ्या गाड्यांना ३० ते ३४ हजार सांगत होते. ही एक २७ मध्ये होती.

विकणारा असल्फाचा. मेट्रोतनं जाताना ती टेकडी दिसते ना, रंगीबेरंगी घरांची, तिथला. पोरगा बोलायला सरळ, काही लपवलं नाही असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. म्हणाला, "ताई, सेकंड गिअर कधी कधी सोडतो, थोडं काम आहे, हजार-पाचशेत होऊन जाईल, मला वेळ नाही म्हणून केलं नाही." गाडी खाली मेन रोडवर घेऊन आला होता. मी म्हटलं वर जाऊन येते एक चक्कर, तर म्हणाला वर नको, गल्ली अरुंद आहे, पाण्याचा टँकर लागलाय. मी सपाट रस्त्यावर सिग्नलपर्यंत गेले आणि परत आले, एकदाही गिअर सुटला नाही. मला वाटलं पोरगा उगाच घाबरतोय.

आता अक्कल आली ती सांगते. गिअर सुटतो तो जोर पडल्यावर. सपाटीला आरामात चालवलीत तर महिनाभर कळणार नाही. बघायची पद्धत अशी की दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या स्पीडला थ्रॉटल एकदम पिळायचा, एकदम सोडायचा, परत पिळायचा, असं पाच-सहा वेळा, आणि हे चढावर करायचं. मुंबईत बाइकवाल्याला सी-लिंक बंद, फ्रीवे बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद, पण साधा फ्लायओव्हरचा चढ कुठेही मिळतो, तिथे न्या. शक्य असेल तर मागे एखादा जाडजूड मित्र बसवा. आणि विकणारा ज्या दिशेला जाऊ देत नाही त्याच दिशेला जा. असल्फाची गाडी आणि चढावर नको म्हणतो, यात सगळं उत्तर होतं पण मी दुसरीकडेच बघत होते, टाकी चकचकीत होती ना.

निघता निघता अजून एक गोष्ट कळली. सीटच्या दोन्ही बाजूंना लोखंडी हुक वेल्डिंग केलेले होते, म्हटलं हे कशाला, तर म्हणाला आधी भाऊ पाण्याचे जार टाकायचा. वीस-वीस लिटरचे जार, दोन्ही बाजूंना एकेक, कधी पुढे टाकीवर अजून एक, आणि टेकडीवर दिवसातनं पंधरा खेपा. म्हणजे पहिला टाकायचा, लगेच दुसरा, आणि दुसऱ्यावरच हाफ क्लचमध्ये वर. गाडीचं मीटर ५८,३०० दाखवत होतं, पण माझा अंदाज की त्यातले अर्धे दुसऱ्या गिअरमध्येच गेले असतील. कंपनीचा काही दोष नाही यात, बैलाला पण एवढं जुंपत नाहीत.

घासाघीस करून १८,५०० ला घेतली. घरी येताना स्वतःवर भलतीच खूश होते.

बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, आता रिटायर. त्यांनी बिल्डिंगखाली गाडी बघितली, मला म्हणाले चालव, मी कंपाउंडमध्ये एक राउंड मारला, गेटजवळच्या छोट्या चढावर खटकन आवाज आला आणि इंजिन रिकामंच ओरडलं, गाडी जागच्या जागी ढिली. बाबा म्हणाले, "गिअर धरत नाही म्हणजे आतले खुंट गेलेत. इंजिन खोलावं लागेल." त्यांच्या काळी काही बसचे गिअर असेच सुटायचे, मग डावा हात दांड्यावर धरून ठेवायचा आणि उजव्या हाताने स्टेअरिंग, डेपो येईपर्यंत. मी म्हटलं बाबा ती बस होती, ही बाइक आहे. ते काही बोलले नाहीत, वर गेले.

आणि मग मी काय केलं, तर तेच. हाताच्या ऐवजी पाय. पुलावर चढताना दुसरा टाकला की बुटाचं टोक लिव्हरखाली घालून वर दाबून धरायचं, म्हणजे सुटत नाही. जवळजवळ महिनाभर असं चालवलं, डाव्या बुटावर खड्डा पडला. हे करू नका हो. ते दाबून धरल्याने आत काय होतं ते पुढे सांगते, पण थोडक्यात ८०० रुपयांचं जास्तीचं नुकसान मी माझ्याच पायाने केलं.

पहिला मेकॅनिक स्टेशनजवळचा, नाव नाही घेत. त्याने गाडी न चालवताच सांगितलं, "शाफ्ट का काम है मॅडम, स्प्रिंग ढीला हो गया, शाम को ले जाओ." त्याच्या बाजूने बोलायचं तर हा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. गिअरच्या तक्रारींपैकी बऱ्याच गोष्टी खरंच बाहेरच्या बाहेर सुटतात. क्लच वायर ढिली असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर अडकतो, न्यूट्रल सापडत नाही. लिव्हरच्या आट्या गेल्या असतील तर लिव्हर नुसतीच फिरते. गिअर शाफ्टची स्प्रिंग तुटली तर एकदा टाकलेली लिव्हर परत जागेवर येत नाही. उजवीकडचं क्लच कव्हर काढलं की त्या स्प्रिंगपर्यंत आणि गिअर निवडणाऱ्या ड्रमला जागेवर अडकवून ठेवणाऱ्या छोट्या रोलरपर्यंत हात पोचतो, इंजिन खाली उतरवावं लागत नाही. अर्ध्या दिवसाचं काम. पण माझी लिव्हर बरोबर परत येत होती, न्यूट्रल लागत होतं, पाचही गिअर पडत होते, फक्त दुसरा जोर पडला की सोडत होता. ही लक्षणं स्प्रिंगची नाहीतच. त्याने स्प्रिंग बदलली, पॅकिंग बदललं, तेल टाकलं, १,४५० घेतले, आणि ऐरोली पुलावर पहिल्याच चढाला खटक. परत गेले तर म्हणतो, "अब तो फुल इंजन खोलना पडेगा." अरे मग आधी चालवून बघायचं होतंस.

मग त्याने अजून एक ऑफर दिली जी ऐकून मी जवळजवळ हो म्हणणार होते. "खोलना छोडो, कुर्ल्यातनं सेकंडहँड इंजिनच आणून टाकतो, बारा हजारात." स्वस्त वाटतं ना? पण इंजिन नंबर असतो इंजिनच्या केसवर, आणि तोच नंबर आरसीवर असतो. केस बदलली की नंबर बदलला, आणि आरटीओत त्याची नोंद केली नाही तर पुढे गाडी विकताना, इन्शुरन्सच्या क्लेमला, साध्या नाकाबंदीतही गाडी चोरीची ठरू शकते. शिवाय ते भंगारातलं इंजिन कुठल्या चोरलेल्या गाडीचं आहे कोण सांगणार. तिथनं उठले.

दुसरं गॅरेज भांडुपला, एलबीएसपासून आत, शटर एवढं छोटं की एका वेळी दोनच गाड्या मावतात. ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं. दादा साठीच्या आसपासचे, बोलणं कमी. रिव्ह्यू खरं तर यांच्या कामाचाच आहे, वरचं सगळं पाल्हाळ झालं.

त्यांनी पहिल्यांदा गाडी स्वतः चालवली, मला मागे बसवून, आणि सरळ चढावर नेली. दोन वेळा गिअर सुटल्यावर मान हलवली आणि परत. मग तेल काढलं, स्वच्छ ट्रेमध्ये, आणि त्यात जुन्या स्पीकरचं मॅग्नेट फिरवलं. तेलात चमकी तर होतीच, पण त्यातली काही मॅग्नेटला चिकटली आणि काही नाही. म्हणाले, जी चिकटत नाही ती ॲल्युमिनियम, क्लचच्या बास्केटची वगैरे, थोडी चालते. चिकटते ते पोलाद, ते गिअरचं. बारीक काटेरी तुकडे होते, नखाच्या कडेएवढे. तेव्हा मला बाबांचं "खुंट" आठवलं.

मग त्यांनी खर्च सांगितला, आणि का तेवढा ते पण सांगितलं. या गाड्यांमध्ये गिअरबॉक्स वेगळा डबा नसतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला असायचा, इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा, नुसता तो काढून टेबलावर घ्यायचा. हिच्यात क्रँक आणि गिअर एकाच केसमध्ये, एकाच तेलात. मेकॅनिक लोक हाफ इंजिन म्हणतात म्हणजे वरचं, हेड, ब्लॉक, पिस्टन. गिअर त्या हाफमध्ये येतच नाहीत. गिअरला हात लावायचा तर इंजिन चेसिसमधनं खाली, हेड काढा, ब्लॉक काढा, क्लच काढा, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) पुलर लावून काढा, आणि मग केसच्या दोन फाका. म्हणजे एका चारशे रुपयांच्या फोर्कसाठी, म्हणजे आत गिअर सरकवणाऱ्या चिमट्यासाठी, फुल इंजिन. "थोडं गिअरचं काम" असं काही नसतंच, गिअरचं काम म्हणजे सगळंच काम. हे वाक्य मला १८,५०० देण्याआधी कोणीतरी सांगायला हवं होतं. बाबांनी सांगितलं, पण ते नंतर.

दादांनी एकच अट घातली, शनिवारी खोलतो, समोर बसून बघ, म्हणजे नंतर वाद नको. मी स्टुलावर बसून सकाळी दहा ते अडीच बघितलं, मध्ये दोन कटिंग. आणि खरं सांगू का, पैसे वसूल झाले त्या दिवशी.

मला वाटायचं गिअर बदलला की एक चाक दुसऱ्या चाकापासून दूर होतं आणि तिसरं येऊन लागतं. तसं नसतं. सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, पाचच्या पाच जोड्या कायम फिरत असतात, फक्त प्रत्येक जोडीतला एक शाफ्टवर मोकळा फिरतो. शेजारचा सरकता गिअर बाजूला जाऊन त्याला चिकटला की तो शाफ्टशी बांधला जातो. हे चिकटणं दातांनी होत नाही, गिअरच्या अंगावर बाजूला चार-पाच जाड खुंट असतात, मेकॅनिक डॉग म्हणतात, ते समोरच्याच्या खाचेत जाऊन बसतात. खुंटाच्या कडा धारदार असतात तोवर जोर पडला की ते अजून घट्ट बसतात. पण अर्ध्या क्लचमध्ये, घाईत, न बसता आदळत राहिले की कडा गोल होतात. गोल कडेवर जोर आला की ती सरकूनच बाहेर येणार. दाराची कडी झिजली की वाऱ्याने दार उघडतं की नाही, तेच. माझ्या दुसऱ्या गिअरचे खुंट हातात घेतले तर पेढ्याच्या कडेसारखे गुळगुळीत. दात मात्र नव्यासारखे!

आणि तो फोर्क. सरकत्या गिअरला ढकलणारा चिमटा. त्याच्या एका टोकाला निळसर डाग होता आणि झीज दिसत होती. दादांनी विचारलं, "पायाने दाबून चालवत होतीस?" मी हो म्हटलं. तर म्हणाले गिअर बाहेर पडायला बघतोय आणि तू फोर्कने त्याला आत रेटतेयस, फोर्क फिरत्या गिअरवर घासणार, तापणार, वाकणार. सपाट काचेवर ठेवून दाखवला, डुगडुगत होता. शेजारचाही थोडा घासलेला, दोन्ही बदलले. हे ते ८०० रुपये.

शाफ्टवरनं गिअर, वॉशर, लॉक एकेक काढताना ते क्रमाने बाइंडिंगच्या तारेत ओवत गेले, गजरा करतात तसं, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. एवढी छोटी गोष्ट, पण स्टेशनजवळच्या त्या माणसाच्या ट्रेमध्ये तीन गाड्यांचे नट एकत्र पडलेले मी बघितले होते.

पार्टचं सांगते. कुर्ल्याला सीएसटी रोडला जाऊन भंगारातल्या इंजिनचा दुसरा गिअर निम्म्या किमतीत मिळेल असं एकाने सुचवलं. दादा म्हणाले आण, पण ज्या गाडीचं इंजिन भंगारात आलं तिचा दुसरा गिअर कुमारिका असेल असं समजू नकोस. नवीन घेतला, आणि तो ज्या गिअरला जाऊन चिकटतो तोही, जोडीनेच. एकच बदलला तर जुन्या गोल खाचा नव्या खुंटांना महिन्याभरात आपल्यासारखं करून टाकतात. काउंटरवर "युनिकॉर्नचा सेकंड गिअर" एवढं सांगून चालत नाही, पार्ट नंबर लागतो, तो दादांनी जुन्या कॅटलॉगच्या चित्रावरनं लिहून दिला. गिअर दोन दिवसांत आले, फोर्कला मात्र नऊ दिवस. तेवढे दिवस माझी गाडी शटरच्या आत पोत्याखाली उघडी पडून आणि मी परत ट्रान्स हार्बरला लटकलेली.

बिल, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. गिअरची जोडी २,१५०, दोन फोर्क ८४०, बेअरिंग ७६०, ऑइल सील आणि पॅकिंग सेट ६४०, क्लच प्लेट ९८० (त्या जार वाहून जळल्याच होत्या), टायमिंग चेन ५५०, ती उघडलंच आहे तर म्हणून, तेल ४३०. मजुरी ४,८००. झाले ११,१५०. चेन स्प्रॉकेट मी सांगून बदलला, १,७००, कारण जुनी चेन इतकी ताणून ठेवली होती की मागचं चाक खड्ड्यात गेलं की शाफ्टच्या बेअरिंगलाच ओढत असणार. आधीच्या त्या स्प्रिंगवाल्याचे १,४५० धरून गिअरपायी १४,३०० गेले. सगळे जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले, न मागता. हे करणारा मेकॅनिक दिसला की धरून ठेवा.

फिटिंगच्या वेळी केस बंद करायच्या आधी त्यांनी हातानेच शाफ्ट फिरवत ड्रम टकटक करून पाचही गिअर तीन वेळा टाकून बघितले, मग बॉण्ड, म्हणजे केसच्या सांध्यातनं तेल गळू न देणारी पेस्ट, लावला, अगदी पातळ. तक्रार म्हणाल तर दोन आहेत. एक, तारीख विचारली की "बघू" हेच उत्तर, नऊ दिवसांचे शेवटी अठरा झाले कारण मध्ये त्यांच्या गावची जत्रा आली, आणि फोन उचलत नाहीत, मेसेजला अंगठा पाठवतात. दोन, लिहिलेलं बिल मागितलं तर सिगरेटच्या पाकिटाच्या मागे आकडे मांडून दिले. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

कागदांचं थोडक्यात, कारण त्यात गिअरपेक्षा जास्त वेळ गेला आणि मजा काहीच नव्हती. आरसी त्या पोराच्या नावावर नव्हतीच, पहिल्या मालकाच्या नावावर होती, मध्ये दोन हात झाले होते आणि कोणी ट्रान्सफर केलं नव्हतं. वर बँकेचा बोजा अजून चढलेला, कर्ज कधीच फिटलेलं पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कोणी भरलाच नाही. ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, मूळ मालक जिवंत आहे का, फोन उचलतो का, ओटीपी देईल का ते बघा. माझे मूळ मालक चेंबूरचे एक काका निघाले, बिचारे स्वतः वडाळा आरटीओत आले, चहा पण त्यांनीच पाजला. ई-चलान निघाली १,७०० ची, बहुतेक विदाउट हेल्मेटची, आणि असल्फाच्या पोराने ती अर्धी भरली हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. माझी अर्धी चलान, ट्रान्सफर, थर्ड पार्टी इन्शुरन्स, पीयूसी, नवीन नंबर प्लेट सगळं मिळून ३,४०० गेले. आणि वर्ष बघा. २०१२ ची म्हणजे पंधरा वर्षं २०२७ ला संपतात, मग आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी रिन्यू करायची, पर्यावरण कर वेगळा. हे पण किमतीत धरायचं असतं, मी धरलं नव्हतं.

तर १८,५०० अधिक १४,३०० अधिक ३,४००, झाले ३६,२००. धड चालणारी ३० ते ३४ ला मिळत होती, कागदांचा खर्च तिच्यावरही आला असता म्हणा. आई पहिल्या दिवसापासून म्हणतेय चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गणित साधं होतं, गिअर सोडणारी गाडी असेल तर फुल इंजिनचा खर्च आधी धरायचा, माझ्या अनुभवाने या गाडीला बारा-तेरा हजार, आणि तेवढे चांगल्या गाडीच्या भावातनं वजा करून मग बोलायला सुरुवात करायची. म्हणजे मी अठरापर्यंत जायलाच हवं होतं असं नाही, त्याच्या २७ वरनं खाली यायच्या ऐवजी सतरावरनं वर चढायला हवं होतं. तो "हजार-पाचशे" म्हणत होता तर माझं उत्तर असायला हवं होतं, मग तू करून दे, मी हजार-पाचशे जास्त देते.

आता गाडीबद्दल. काम होऊन सहा महिने होत आले, मीटर ६३,९०० वर आहे, आणि दुसरा गिअर त्यानंतर एकदाही सुटलेला नाही. सकाळी थंड असताना पहिला टाकताना टक आवाज येतो, तो येणारच. दोन ते तीन टाकताना आता लोण्यासारखं जातं. मायलेज पन्नासच्या जवळपास, कन्नमवार ते महापे ट्रॅफिक धरून. वजन १४५ किलोच्या आसपास, डबल स्टँडला लावताना पहिले काही दिवस कंबर धरली, मग युक्ती जमते. मागचा ब्रेक ड्रम आहे, पावसात भरवसा पुढच्या डिस्कवर ठेवायचा पण हलक्या हाताने. हेडलाइट मेणबत्ती, तो बदलणार आहे. व्हायब्रेशन जवळपास नाहीच, आणि पुलावरचा आडवा वारा आता जाणवतो पण गाडी ओळ सोडत नाही.

मार्चमध्ये बाबांना मागे बसवून जुन्या हायवेने खोपोलीवरनं घाट चढले, मुद्दाम दुसऱ्या-तिसऱ्यावर, आमच्या दोघांचं वजन धरून परीक्षा व्हावी म्हणून. शिंग्रोबाच्या देवळाशी थांबलो, सगळे टाकतात तसं एक नाणं टाकलं. बाबांनी उतरल्यावर गाडीकडे बघितलं, इंजिनच्या केसवर हात ठेवून किती तापलंय ते बघितलं, म्हणाले चांगलं बसवलंय. एवढंच. ते मला "सांगितलं होतं ना" अजून म्हणालेले नाहीत आणि तेच जास्त लागतं.

स्टार द्यायचे तर दादांच्या कामाला पाचपैकी साडेचार, अर्धा जत्रेसाठी कापला. गाडीला चार. माझ्या खरेदीला दोन. तेल पहिल्यांदा ५०० किलोमीटरला बदललं होतं, मॅग्नेटला नुसती काळी पावडर लागली, काटा एकही नाही. त्यानंतर दर अडीच हजाराला बदलतेय. परवाच्या पहिल्या पावसानंतर गाडी धुतली तेव्हा गिअर शाफ्टच्या सीलखाली एक ताजा थेंब दिसला. फोटो दादांना पाठवलाय. अंगठा आलाय, आणि खाली, पहिल्यांदाच, दोन शब्द: "शनिवारी आण".